पुढची तारीख नाही: बॉक्सरच्या निवृत्तीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एखाद्या मोठ्या बॉक्सरने निवृत्ती जाहीर केली की लोकांचे प्रश्न ठरलेले असतात. पैसे उरले असतील का? डोकं ठिकाणावर राहील का? आणि दोन वर्षांनी परत येणार, यावर पैज लावायची का? हौशी स्पर्धांमधलं, ऑलिंपिकमधलं बॉक्सिंग इथे बाजूला ठेवलं आहे. लढतीचे पैसे घेऊन लढणाऱ्या व्यावसायिक बॉक्सरपुरतंच हे सगळं आहे.

बॉक्सर निवृत्त होतो म्हणजे नेमकं काय होतं?

कागदोपत्री म्हणाल तर जवळजवळ काहीच नाही. बॉक्सर कुणाचा नोकर नसतो. क्रिकेटपटूला मंडळ असतं, फुटबॉलपटूला क्लब असतो. बॉक्सरकडे एक परवाना असतो, मॅनेजरशी एक करार असतो आणि लढती भरवणाऱ्या प्रमोटरशी दुसरा. परवान्याचं नूतनीकरण केलं नाही की झाला निवृत्त. निरोप समारंभ नाही, ग्रॅच्युइटी नाही, शेवटच्या दिवसाचं पत्र नाही.

म्हणूनच निवृत्ती जाहीर करणं सोपं असतं आणि मोडणं त्याहून सोपं. शुगर रे लेनर्डने 1982 ते 1997 या काळात इतक्यांदा निवृत्ती जाहीर केली की पुढेपुढे पत्रकार ती बातमी हसतच लिहीत असावेत. टायसन फ्युरीचंही तेच. बहुसंख्य बॉक्सर मात्र काहीच जाहीर करत नाहीत. फोन यायचे बंद होतात आणि सहा महिन्यांनी त्यांच्या लक्षात येतं की आपण निवृत्त झालो आहोत.

सगळ्यात अवघड काय जातं?

बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की टाळ्या. मला वाटतं, तारीख.

बॉक्सरचं सगळं आयुष्य पुढच्या लढतीच्या तारखेवर टांगलेलं असतं. ‘तारीख मिळाली’ हे या धंद्यातलं सगळ्यात आनंदाचं वाक्य. एकदा ती मिळाली की आठ-दहा आठवडे मागे मोजायचे आणि प्रत्येक दिवस आपोआप भरत जातो. पहाटे पाचला धावणं. परत आल्यावर आधी वजनकाटा, मग पाणी. न्याहारी दुसऱ्याने मोजून ठेवलेली. दुपारी सक्तीची झोप. संध्याकाळी स्पॅरिंग, म्हणजे जोडीदाराशी सरावाची लढत, किंवा बॅगवर काम, मग मालिश, मग पुन्हा काटा. रात्री नऊनंतर फोन बंद. काय खायचं, कुणाशी बोलायचं, किती वाजता झोपायचं, कशाचा राग धरायचा, हे सगळं ती तारीख ठरवते.

वीस वर्षं असं जगलेल्या माणसाची तारीख काढून घेतली की सकाळ उजाडते आणि काटा पलंगाखाली तसाच पडून असतो. किती वजन आहे याने आता कुणालाच फरक पडत नाही. पहिले दोन महिने मजेत जातात, कारण लढतीनंतर दोन महिने सुट्टी असायचीच. खरी निवृत्ती तिसऱ्या महिन्यात सुरू होते. शरीर लढतीआधीच्या सराव-कॅम्पची वाट बघत असतं आणि कॅम्प लागत नाही.

पुढच्या बऱ्याच उत्तरांत ही तारीख परत येईल. नाइलाज आहे. पुनरागमन, पैसा, नैराश्य यांतलं काहीही सुटं काढून समजत नाही.

मग परत का येतात? पैसे हवेत म्हणूनच ना?

पैसा हे एक कारण, आणि बऱ्याचदा तेच खरं असतं. जो लुईचं उदाहरण घ्या. 1937 ते 1949 असा बारा वर्षं तो हेवीवेट विजेता होता आणि त्याने 25 वेळा किताब राखला. हा विक्रम अजून मोडलेला नाही. 1942मध्ये त्याने दोन लढतींची कमाई अमेरिकेच्या नौदल आणि भूदलाच्या मदतनिधीला देऊन टाकली. तरीही करखात्याची थकबाकी त्याच्या डोक्यावर बसलीच, आणि व्याजासकट फुगत गेली. निवृत्तीनंतर दीड वर्षात तो परत आला, 1950मध्ये एझर्ड चार्ल्सकडून हरला आणि ऑक्टोबर 1951मध्ये रॉकी मार्सियानोने त्याला आठव्या फेरीत दोरांच्या बाहेर फेकलं. मार्सियानो लहानपणापासून लुईचा भक्त होता. जिंकल्यावर तो रडला, असं सांगतात.

पण ज्यांच्याकडे पैसा आहे तेही परत येतात. मॅनी पॅकियाओ फिलिपिन्सचा सिनेटर होता, 2022मध्ये राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढला, हरला, आणि जुलै 2025मध्ये वयाच्या 46व्या वर्षी किताबाच्या लढतीसाठी रिंगमध्ये उभा राहिला. ती बरोबरीत सुटली. अशा माणसाला हिशेबाने समजून घेता येत नाही. रिंगमध्ये छत्तीस मिनिटं जे मिळतं ते संसदेत मिळत नाही, एवढंच.

आणि एक तिसरं कारण आहे, ज्याबद्दल कमी बोललं जातं: भोवतालची माणसं. निवृत्त विजेत्याच्या परतण्यावर प्रमोटर, मॅनेजर, वाहिनी, जुने मित्र या सगळ्यांची रोजीरोटी असते. ‘तू अजून त्यांना लोळवशील’ असं रोज कुणी ना कुणी कानाशी म्हणत राहतं. हे म्हणणाऱ्याला ठोसे खायचे नसतात.

मुहम्मद अलीचं पुनरागमन याच गर्दीत झालं. ऑक्टोबर 1980मध्ये 38 वर्षांचा अली लास वेगासमध्ये लॅरी होम्ससमोर उभा होता. केस काळे केलेले, वजन झपाट्याने उतरवलेलं, दिसायला तरुण. दहा फेऱ्यांत त्याच्याकडून धड एक ठोसा निघाला नाही. शेवटी अलीचा ट्रेनर अँजेलो डंडीने कॉर्नरमधून लढत थांबवली. होम्स एकेकाळी अलीचा सराव-जोडीदार होता. तो मारता मारता पंचांकडे बघत होता, आता थांबवा म्हणून. त्यानंतरही डिसेंबर 1981मध्ये अली बहामाजमध्ये ट्रेव्हर बर्बिकशी आणखी एक लढत खेळला आणि हरला. त्यानंतर मात्र नाही.

परत येऊन कुणाचं भलं झालंच नाही का?

झालं, जॉर्ज फोरमनचं. म्हणूनच प्रत्येक परतणारा त्याचं नाव घेतो, आणि प्रत्येकाचं नुकसानही तिथेच सुरू होतं.

1977मध्ये जिमी यंगकडून हरल्यावर फोरमन धर्मोपदेशक झाला. ह्यूस्टनमध्ये मुलांसाठी केंद्र काढलं, त्याला पैसे कमी पडायला लागले, म्हणून बरोबर दहा वर्षांनी तो परतला. जाडा, टकला, हसतमुख. लोक हसले. नोव्हेंबर 1994मध्ये 45 वर्षांच्या फोरमनने मायकल मूररला दहाव्या फेरीत झोपवलं आणि वीस वर्षांपूर्वी अलीने हिसकावलेला किताब परत घेतला. त्या रात्री त्याने लाल चड्डी घातली होती. वीस वर्षांपूर्वी हरताना घातलेलीच.

पण हे उदाहरण देताना लोक एक गोष्ट विसरतात. मधली दहा वर्षं फोरमन मार खात नव्हता. आजचा बॉक्सर दोन वर्षं ‘निवृत्त’ असतो आणि त्या दोन वर्षांतही जिममध्ये स्पॅरिंग चालूच असतं.

कोट्यवधी मिळवूनही कफल्लक कसे होतात?

पोस्टरवर लिहिलेला आकडा आणि हातात पडणारा आकडा यांचा संबंध दूरचा असतो. समजा लढतीचे शंभर डॉलर मिळाले. अमेरिकेत मॅनेजर तेहतीसपर्यंत घेऊ शकतो. ट्रेनरचे दहा. उरले सत्तावन्न. त्यातून कॅम्पचं भाडं, सराव-जोडीदारांचे पैसे, जखमा बघणाऱ्या कटमनचा वाटा, जेवण, विमानभाडं. दहा तरी गेले. उरले सत्तेचाळीस. त्यावर कर, पंधरा धरा. हातात राहिले तीस-बत्तीस. हे पैसे महिन्याला येत नाहीत, वर्षातून दोनदा-तीनदा येतात. मध्येच बोटाचं हाड मोडलं तर वर्षभर शून्य.

खरा सापळा कराचा. पगारदाराचा कर आधीच कापलेला असतो. बॉक्सरला बरेचदा गठ्ठा हातात मिळतो आणि कर नंतर भरायचा असतो. पंचवीस वर्षांच्या पोराच्या हातात एवढा गठ्ठा पडला की त्यातला तिसरा हिस्सा सरकारचा आहे, हे त्याला कोण सांगणार? सांगणारा पोटतिडकीने सांगतो असं नाही, आणि सांगितलं तरी ऐकलं जातं असं नाही.

शिवाय खर्चाची सवय तारखेच्या भरवशावर लागते. पुढची लढत आहेच, मग घर घे, भावाला गाडी दे, मित्रांचा ताफा पोस. माइक टायसनने कारकिर्दीत सुमारे 30 कोटी डॉलर कमावले असं मानलं जातं. 2003मध्ये त्याने दिवाळखोरी जाहीर केली तेव्हा उलट कर्जच कोट्यवधींचं होतं. इव्हँडर होलीफील्डचा जॉर्जियातला 109 खोल्यांचा वाडा असाच हातचा गेला. 109 खोल्या झाडायला किती माणसं लागतात आणि त्यांचे पगार कुठून येतात, हा प्रश्न लढती चालू असताना कुणालाच पडला नसावा.

दुसरी बाजू सांगायलाच हवी, कारण ‘बॉक्सर म्हणजे उधळ्या’ हा समज आळशी आहे. लॅरी होम्सने कमाई आपल्याच गावात, पेनसिल्व्हेनियातल्या ईस्टनमध्ये, इमारतींमध्ये घातली. लोक अलीशी तुलना करून त्याला कमी लेखत राहिले, तो भाडं गोळा करत राहिला. मॅक्स श्मेलिंगने युद्धानंतर जर्मनीत कोका-कोलाची एजन्सी घेतली, सधन झाला आणि 2005पर्यंत, 99 वर्षं जगला. याच श्मेलिंगला 1938मध्ये जो लुईने पहिल्याच फेरीत गारद केलं होतं. पुढे त्यांची दोस्ती झाली, आणि 1981मध्ये लुई गेला तेव्हा त्याच्या अंत्यविधीच्या खर्चाला श्मेलिंगने हातभार लावला.

पेन्शन मिळते का?

बहुतेक ठिकाणी नाही. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याची एक योजना 1982पासून आहे. तिकिटांवरच्या छोट्या आकारणीतून तिचा निधी जमतो आणि ठरावीक फेऱ्या त्या राज्यात लढलेल्या बॉक्सरला पन्नाशीनंतर रक्कम मिळते. गंमत अशी की पात्र असलेल्या अनेकांना आपले पैसे पडून आहेत हेच माहीत नसतं, त्यांना शोधावं लागतं. 2000 साली अमेरिकेत अलीच्या नावाने कायदा झाला खरा, पण तो करारांतल्या पिळवणुकीबद्दल आहे. म्हातारपणाबद्दल त्यात काही नाही.

डोक्याला मार बसल्याने सगळ्यांनाच पुढे त्रास होतो का?

सगळ्यांना नाही. पण कुणाला होईल हे आधी सांगता येत नाही, आणि भीती तीच आहे.

हे नवं ज्ञान नाही. हॅरिसन मार्टलंड या अमेरिकी डॉक्टरने 1928मध्येच ‘पंच ड्रंक’ या अवस्थेवर लेख लिहिला होता. अडखळती चाल, जड जीभ, संथ झालेला चेहरा. दारू न पिता प्यायल्यासारखा दिसणारा माणूस. बॉक्सिंग जिममधल्या लोकांना हे त्याआधीपासून ठाऊक होतं, त्यांच्याकडे शब्दही होते. आज या आजाराला सीटीई (क्रॉनिक ट्रॉमॅटिक एन्सेफॅलोपॅथी) म्हणतात. मेंदूत टाऊ नावाचं प्रथिन साचत जातं आणि लक्षणं निवृत्तीनंतर कित्येक वर्षांनीही दिसू शकतात. खात्रीचं निदान आजही मृत्यूनंतर मेंदूची तपासणी करूनच होतं. जिवंत माणसाला डॉक्टर ‘शक्यता आहे’ एवढंच सांगू शकतो.

एक गैरसमज मात्र घालवायला हवा. लोक नॉकआउट मोजतात. मेंदू ठोसे मोजतो. बारा फेऱ्या उभं राहून गुणांवर जिंकलेला आणि वर्षानुवर्षं जिममध्ये हेडगार्ड घालून रोज स्पॅरिंग केलेला बॉक्सर हा दोनदा नॉकआउट झालेल्यापेक्षा जास्त धोक्यात असू शकतो. हेडगार्डने भुवई फाटत नाही, पण कवटीच्या आत मेंदू हलायचा तो हलतोच. ‘तो मार खाऊ शकतो’ ही या खेळातली सगळ्यात महागडी स्तुती आहे.

अलीला 1984मध्ये पार्किन्सन असल्याचं निदान झालं. तो बॉक्सिंगमुळेच झाला का, यावर डॉक्टरांमध्ये शेवटपर्यंत एकमत नव्हतं. जेरी क्वॉरीबाबत तशी शंका नव्हती. अलीशी दोनदा लढलेला हा धिप्पाड माणूस पन्नाशीत आपलं जेवण स्वतः कापू शकत नव्हता. 1999मध्ये, 53 वर्षांचा असताना तो गेला.

निवृत्त बॉक्सरने काय करावं? मेंदूचा एक एमआरआय आणि न्यूरोलॉजिस्टकडून स्मरणशक्तीची, बोलण्याची, तोलाची तपासणी करून घ्यावी, म्हणजे पुढे तुलनेला काहीतरी असतं. दारू सोडावी. झोप, रक्तदाब सांभाळावा. आणि हौस म्हणूनही स्पॅरिंग करू नये. बॅग मारा, दोरीवरच्या उड्या मारा, पण समोर माणूस नको.

शरीराच्या बाकीच्या तक्रारी कोणत्या?

डोळे आधी. पडदा सरकणं, अकाली मोतीबिंदू, काचबिंदू. लेनर्डची पहिली निवृत्ती सरकलेल्या पडद्यामुळेच होती. नजर चांगली असली तरी वर्षातून एकदा डोळ्यांची आतून तपासणी हवीच, कारण पडदा दुखून सांगत नाही.

हात नंतर बोलतात. पंजातली हाडं कितीदा मोडून जुळलेली असतात, थंडीत बाटलीचं झाकण उघडत नाही.

आणि वजन. बॉक्सर आपल्या गटापेक्षा जड असतो आणि लढतीआधी घाम गाळून उतरतो, हे सगळ्यांना माहीत आहे. उपासमार आणि मग ताव मारणं, हे चक्र वीस वर्षं चाललेलं असतं. निवृत्तीनंतर उपासमार थांबते, ताव मारणं चालू राहतं. ज्याने कधीच भुकेप्रमाणे जेवण केलं नाही, कायम तारखेप्रमाणे केलं, त्याला पस्तिशीत पहिल्यांदा साधं जेवायला शिकावं लागतं. आहारतज्ज्ञ करिअरमध्ये असतो, खरी गरज नंतर असते.

इतका खमका माणूस, त्याला नैराश्य कसं येतं?

हा प्रश्न ज्या सुरात विचारला जातो तोच अर्धी अडचण आहे. खमकेपणा ही त्याची विकाऊ वस्तू होती. ‘मला बरं वाटत नाही’ म्हणणं म्हणजे दुकान बंद करणं.

रिकी हॅटनने ते उघड बोलून दाखवलं. मे 2009मध्ये पॅकियाओने त्याला दुसऱ्या फेरीत बेशुद्ध पाडलं, त्यानंतर दारू, ड्रग्ज, जीव देण्याचे विचार, सगळं त्याने स्वतः सांगितलं. नोव्हेंबर 2012मध्ये तो मँचेस्टरमध्ये परतला. तिकिटं झपाट्याने संपली. नवव्या फेरीत बरगडीखाली बसलेल्या ठोशाने तो खाली बसला आणि त्याच रात्री थांबला. सप्टेंबर 2025मध्ये, 46 वर्षांचा असताना तो गेला. फ्रँक ब्रुनोला 2003मध्ये मनोरुग्णालयात दाखल करावं लागलं. तेव्हा एका ब्रिटिश वृत्तपत्राने त्याची टर उडवणारा मथळा छापला आणि लोकांच्या संतापामुळे तो पुढच्या आवृत्तीत बदलावा लागला. पुढे ब्रुनोने स्वतःच्या नावाची संस्था काढली, जी मानसिक आजारातून जाणाऱ्यांसाठी काम करते.

एक बारकावा लक्षात ठेवावा. चिडचिड, विसरभोळेपणा, झोप उडणं ही नैराश्याची लक्षणं असतात, तशीच मेंदूच्या दुखापतीचीही. म्हणून समुपदेशक आणि न्यूरोलॉजिस्ट, दोघांकडे जावं. एकाकडे जाऊन अर्धंच उत्तर मिळतं. आणि जीव द्यावासा वाटत असेल तर तपासण्यांची वाट न बघता त्याच दिवशी घरच्यांना सांगावं, डॉक्टर गाठावा.

निवृत्तीनंतर बॉक्सर काय काय करतात?

जवळजवळ सगळंच. जॅक डेम्प्सीने न्यूयॉर्कमध्ये रेस्टॉरंट काढलं आणि ते 1974पर्यंत चाललं. मार्विन हॅगलर इटलीत जाऊन सिनेमांत कामं करू लागला. ऑस्कर डे ला होयाने लढत असतानाच, 2002मध्ये प्रमोशनची कंपनी काढली. विताली क्लिच्को 2014मध्ये कीव्हचा महापौर झाला. आंद्रे वॉर्ड 33व्या वर्षी, एकही व्यावसायिक लढत न हरता थांबला आणि समालोचनाकडे वळला. टायसनने रंगमंचावर एकट्याने आपली कहाणी सांगितली, आणि ती बघायला लोक पैसे देऊन आले. जो लुई लास वेगासच्या सीझर्स पॅलेसमध्ये येणाऱ्यांशी हात मिळवायच्या नोकरीवर होता. अनेकांना हे वाईट वाटतं. मला तितकंसं वाटत नाही. लोकांना त्याचा हात हातात घ्यायचा होता आणि त्याला माणसांत राहायचं होतं.

पण बहुतेकांचा रस्ता जिमकडेच जातो. फ्रेडी रोच 1986मध्ये थांबला, मग ट्रेनर झाला, हॉलिवूडमध्ये वाइल्ड कार्ड जिम काढली आणि पॅकियाओला घडवलं. त्याला स्वतःला पार्किन्सन आहे. हात थरथरतात, पण पॅड धरले की ठोसा जिथे यायला हवा तिथे पॅड असतो.

निवृत्त बॉक्सर जिममध्ये रुळला आहे की नाही, हे मी त्याला पट्टी बांधताना बघून ओळखतो. नवं पोरगं हात पुढे करतं. हा अंगठ्यात फास अडकवतो, मनगटाला तीन वेढे, मग पंजावरून, मग बोटांच्या सांध्यांवर घडी घालून जाड गादी, एकेका बोटाच्या बेचक्यातून एक फेरा, परत मनगट. ‘मूठ कर. आवळतंय?’ पोरगं मान हलवतं. तेवढ्यात बांधणाऱ्याचं लक्ष स्वतःच्या हाताकडे जात नसेल, तर तो माणूस ठीक आहे. काही जण पोराला बांधून झालं की नकळत दुसरी पट्टी उचलतात आणि आपल्या हाताला गुंडाळायला लागतात. त्यांना अजून तारीख हवी असते.

जे कधीच विजेते झाले नाहीत, त्यांचं काय?

खरं तर बॉक्सिंग त्यांच्यावरच चालतं. उगवत्या बॉक्सरला जिंकण्यासाठी समोर कुणीतरी लागतंच. बर्मिंगहॅमच्या पीटर बकलीने 300 व्यावसायिक लढती केल्या, त्यांतल्या 256 हरल्या. 2008मध्ये तीनशेवी लढत त्याने जिंकली आणि हात वर करून घरी गेला. आयत्या वेळी फोन आला तरी जायचं, फार मार न खाता गुणांवर हरायचं, पुढच्या आठवड्याला परत उभं राहायचं. हे कौशल्याचं काम आहे, आणि त्याला कुणी तसं म्हणत नाही.

अशांपैकी अनेकांची निवृत्ती विजेत्यांपेक्षा सोपी जाते, हे माझं निरीक्षण. त्यांची दुसरी नोकरी आधीपासून असते, घर त्याच पगारावर चालतं आणि पोस्टरवर नाव कधी मोठं नव्हतं. मेंदूचा धोका मात्र तेवढाच, किंबहुना जास्त, आणि तपासणीला पैसे नसतात.

महिला बॉक्सरची गोष्ट वेगळी आहे का?

पैशाच्या बाबतीत फार वेगळी. अलीची मुलगी लैला अली 24 लढती जिंकून, एकही न हरता 2007मध्ये थांबली. तिच्या पिढीत रिंगवर घर चालवणाऱ्या बायका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. बाकीच्या नोकरी सांभाळून लढत होत्या. त्यामुळे निवृत्तीनंतर उत्पन्न फारसं कोसळत नाही, कारण ते चढलेलंच नव्हतं. आता मोठ्या लढतींचे पैसे वाढले आहेत, म्हणजे पुरुषांच्या चुकाही वाट्याला येतील. मेंदूच्या दुखापतीवरचा अभ्यास आजवर मुख्यतः पुरुषांवरच झाला आहे, ही खरी उणीव.

कधी थांबावं, हे कसं कळतं?

बॉक्सरला स्वतःला उशिरा कळतं. ठोसा दिसतो पण हात वेळेत वर जात नाही. सरावात पोरांचे पूर्वी न लागणारे ठोसे लागायला लागतात. बोलताना शब्द चिकटतात, आणि ते घरच्यांना ऐकू येतं, त्याला नाही.

म्हणून सांगणारा माणूस लागतो. 1975मध्ये मनिलात अलीशी लढताना चौदाव्या फेरीनंतर ट्रेनर एडी फचने जो फ्रेझरला स्टुलावरून उठू दिलं नाही. फ्रेझर रागावला, पण शेवटची फेरी झाली नाही. 1977मध्ये अर्नी शेव्हर्सशी झालेल्या लढतीनंतर अलीचे डॉक्टर फर्डी पचेको यांनी मूत्रपिंडं खराब होत असल्याचा अहवाल अलीला आणि त्याच्या जवळच्यांना पाठवला. उत्तर आलं नाही. पचेको सोडून गेले. अली आणखी चार वर्षं लढला.

स्वतःहून वेळेवर थांबलेलेही आहेत. जीन टनी 1928मध्ये विजेता असतानाच थांबला, लग्न केलं, धंद्यात शिरला, मागे वळला नाही. मार्सियानो 1956मध्ये 49 लढती जिंकून थांबला. 1959मध्ये किताब स्वीडनच्या योहान्सनकडे गेला तेव्हा मार्सियानोने गुपचूप महिनाभर सराव केला, आणि मग सोडून दिलं. न हरलेल्या माणसालाही तो महिना चुकला नाही.

घरच्यांनी काय करावं?

पहिलं म्हणजे तो घरी कायमचा आला आहे हे घरालाही नवीन आहे, हे मान्य करावं. वर्षानुवर्षं वर्षातले सहा महिने कॅम्पमध्ये असलेला माणूस आता रोज स्वयंपाकघरात उभा असतो आणि त्याला करायला काही नसतं. पहिल्या वर्षात कुरबुरी वाढतात. त्याचा अर्थ लगेच संसार मोडला असा घेऊ नये.

दुसरं, ‘आता आराम कर’ हा सल्ला देऊ नये. आरामाने तो बिघडतो. त्याला वेळापत्रक लागतं: ठरलेल्या वेळी उठणं, घाम काढणं, कुठेतरी पोचणं. सकाळी सातला एखाद्या जिममध्ये दहा पोरं वाट बघत आहेत, एवढं पुरतं.

तिसरं, पैशाची कागदपत्रं पहिल्या तीन महिन्यांत टेबलावर मांडावीत. करार, कराचे विवरण, कुणाला दिलेलं उसनं. ताफ्यातले मित्र त्याच सुमारास आपोआप विरळ होतात, ते बरंच असतं. आणि बोलणं, चाल, स्वभाव यांत बदल दिसला तर तारखेसकट वहीत लिहून ठेवावा. डॉक्टरला ‘हल्ली जरा विसरतो’ यापेक्षा ती वही जास्त कामाची.

निवृत्त बॉक्सर भेटला तर काय विचारावं?

काहीही विचारा. ज्याने तुम्हाला सगळ्यात जोरात मारलं तो कोण, हे विचारा, अर्धा तास मजेत जाईल. फक्त ‘परत कधी दिसणार?’ एवढं विचारू नका. तुम्ही सहज विचारता. तो घरी जाऊन काटा बाहेर काढतो.